न दिसणारी चिठ्ठी

‘श्यामची आई’ हे दोन शब्द इंटरनेटच्या शोधपेटीत टाकले, तर शोधणाऱ्याच्या मनात किमान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. साने गुरुजींचं पुस्तक, आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट, किंवा २०२३ साली त्याच नावाने आलेला दुसरा चित्रपट. माणसांचा यात गोंधळ होत नाही. ‘वाचलं का?’ म्हटलं की पुस्तक आणि ‘पाहिला का?’ म्हटलं की चित्रपट, हे आपल्याला क्रियापदावरूनच कळतं. यंत्रापुढे मात्र नुसती अक्षरं असतात, आणि तिन्ही ठिकाणी ती त्याच क्रमाने आलेली असतात. तरीही पुस्तकाच्या नावापुढे लेखक आणि चित्रपटाच्या नावापुढे दिग्दर्शक दाखवण्याइतका शहाणपणा शोधयंत्रांकडे आज आहे. तो त्यांना आपोआप सुचलेला नाही. त्यातला बराचसा त्यांना कोणीतरी लिहून दिलेला आहे.

लिहून देण्याची ही एक रीत आहे. वेबपानाच्या पोटात, वाचकाला दिसणार नाही अशा जागी, ठरलेल्या शब्दांत एक चिठ्ठी ठेवतात: हे पान एका पुस्तकाबद्दल आहे, पुस्तकाचं नाव हे, लेखक हा, प्रकाशनाचं वर्ष हे. या चिठ्ठीला ‘स्ट्रक्चर्ड डेटा’ म्हणतात. संकेतस्थळं शोधात ‘वर आणून देण्याचा’ ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्या बोलण्यात ती एखाद्या युक्तीसारखी येते. मला ती ग्रंथपालाच्या कार्डाची नात वाटते. तिचा इतिहास चाळला, तर तंत्रज्ञान दर पाच-दहा वर्षांनी बदलताना दिसतं आणि एक प्रश्न मात्र तसाच राहतो. ही चिठ्ठी कोणी लिहायची, आणि वाचणाऱ्याने तिच्यावर विश्वास का ठेवायचा?

कपाटातली कार्डं

हजारो पुस्तकांतून हवं ते पुस्तक सापडावं म्हणून पुस्तकाबाहेर त्याची माहिती लिहून ठेवणं हे जुनंच काम आहे. आपल्याकडे त्याला आधुनिक, सार्वजनिक रूप आलं ते बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम ॲलनसन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोदा संस्थानात बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं, पेट्यांतून फिरणारी पुस्तकं आणि ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग असा तो पसारा होता. इतक्या ठिकाणची पुस्तकं सांभाळायची, तर प्रत्येक ठिकाणी नोंद सारखी हवी. एका गावी लेखकाच्या नावाने आणि दुसऱ्या गावी कपाटाच्या क्रमाने नोंदी झाल्या, तर पेटी फिरवण्यात अर्थ राहत नाही.

पुढचं मोठं पाऊल मद्रासमध्ये पडलं. शि. रा. रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणं पाहिलं. त्याच त्या पट्ट्या आणि त्याच मळसूत्रांतून कधी पूल, कधी गाडी, कधी क्रेन. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, ही कल्पना त्यांना तिथे सुचली. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. तोवरच्या वर्गीकरणात प्रत्येक विषयाला आधीच एक खण नेमून दिलेला असे आणि पुस्तक त्या खणात बसवावं लागे. रंगनाथनांनी पुस्तकालाच प्रश्न विचारले. मुख्य वस्तू कोणती, कशापासून बनलेली, तिच्यावर कोणती क्रिया होते, कुठे आणि कधी? या उत्तरांना जोडून वर्गांक तयार होई. वेबपानाच्या पोटातली आजची चिठ्ठी याच वळणाची आहे. तीही खण विचारत नाही, एकामागून एक प्रश्न विचारते आणि उत्तरं जोडून घेते.

कार्ड यंत्राला वाचता येईल असं करण्याचं श्रेय हेन्रिएट ॲव्हरम यांचं. त्या मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या, संगणकाच्या प्रोग्रॅमर होत्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘मार्क’ नावाची पद्धत घडवली. कार्डावरच्या प्रत्येक तपशिलाला तिने क्रमांक दिला. १०० म्हणजे लेखकाचं नाव, २४५ म्हणजे ग्रंथनाम. माणूस कार्डावर नजर टाकून जे ओळखतो, ते यंत्राला या क्रमांकांवरून कळू लागलं. जगभरच्या ग्रंथालयांत ही पद्धत आजही चालते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्याभोवतीच झाला. कार्ड लेखक लिहीत नव्हता, प्रकाशकही लिहीत नव्हता. ते ग्रंथपाल लिहीत होता, आणि कोणतं पुस्तक जास्त वाचलं जातं यात त्याचा काही फायदा-तोटा नव्हता. म्हणून कार्डावर ‘अद्वितीय’, ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे’ असलं काही नसे. पानं किती, आकार किती, चित्रं आहेत की नाहीत, एवढंच असे. त्या कोरडेपणावरच वाचकाचा विश्वास उभा होता.

ग्रंथपाल नसलेलं ग्रंथालय

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ साली तो जगापुढे खुला झाला. पान लिहिण्याची जी भाषा त्यासाठी निघाली, ती पानाचे भाग सांगणारी होती. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा. शीर्षकात पुस्तकाचं नाव आहे की औषधाचं, हे सांगायची सोय तिच्यात नव्हती. छापखान्यातल्या जुळाऱ्याला मजकुराचा विषय ठाऊक असण्याची गरज नसते, तसंच हे होतं.

पानांची संख्या भराभर वाढली आणि कार्डांची उणीव भासू लागली. मार्च १९९५ मध्ये ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले. ठिकाण होतं डब्लिन, पण आयर्लंडमधलं नव्हे, अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं. तिथून ‘डब्लिन कोअर’ नावाची छोटी यादी निघाली, जी पुढे पंधरा घटकांवर स्थिरावली. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, दिनांक, भाषा अशी ती यादी होती. ती इतकी साधी होती की ग्रंथालयशास्त्र न शिकलेल्या माणसालाही भरता यावी. पानाच्या लेखकाने आपलं कार्ड आपणच लिहावं, ही त्यामागची अपेक्षा होती.

अपेक्षा चांगली होती, पण बाजार सुरू झाला होता. अल्टाव्हिस्टासारखी सुरुवातीची शोधयंत्रं पानाच्या पोटातले ‘कीवर्ड’ वाचत. वाचकाला न दिसणाऱ्या या ओळीत पानाचे विषय लिहायचे असत. लोकांनी तिथे आपल्या पानाचे विषय लिहायचं सोडून, लोक जे शोधतात ते विषय लिहिले. एकच शब्द पन्नास वेळा लिहिला. त्याने भागेना, तेव्हा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर भरला, म्हणजे माणसाला दिसू नये आणि यंत्राने मात्र वाचावा. ग्रंथपालाने लिहिलेलं कार्ड आणि दुकानदाराने लिहिलेली पाटी यांतला फरक असा पाच वर्षांच्या आत उघडा पडला.

१९९८ साली सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या नव्या शोधयंत्रावर निबंध लिहिला. वाचकाला थेट न दिसणाऱ्या मजकुराचा गैरवापर होतो आणि त्यामुळे मेटाडेटाचे प्रयत्न शोधयंत्रांच्या बाबतीत बहुतांशी फसले आहेत, असं त्यांनी त्यात नोंदवलं आहे. त्यांचा उपाय वेगळा होता. पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा इतर पानं त्याच्याकडे किती आणि कसे दुवे देतात, ते पाहायचं. थोडक्यात, स्वतःची शिफारस स्वतः केलेली चालणार नाही. गूगलची इमारत या अविश्वासावर उभी राहिली. त्या ‘कीवर्ड’च्या ओळीचा क्रमवारी ठरवताना आपण उपयोग करत नाही, हे गूगलने २००९ साली जाहीरपणे सांगितलं. ती ओळ मात्र पुढेही कितीतरी संकेतस्थळांवर इमानेइतबारे भरली जात राहिली.

कर्ता, कर्म आणि एक मद्रासी इंजिनिअर

याच काळात दुसरीकडे काही माणसं उलट्या दिशेने जात होती. त्यांतल्या रामनाथन गुहा यांचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. मद्रासच्या आयआयटीमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून ते अमेरिकेला गेले आणि डग्लस लेनट यांच्या ‘साइक’ प्रकल्पात सामील झाले. माणसाचं व्यवहारज्ञान एकेक विधान करून यंत्राला सांगायचं, असा तो १९८४ साली सुरू झालेला अचाट प्रकल्प होता. पाऊस पडला की माणूस भिजतो, मेलेला माणूस बाजारात जात नाही, अशा तऱ्हेची ती विधानं. सगळं ज्ञान मूठभर तज्ज्ञांनी बसून लिहून काढण्याला मर्यादा असतात, हे तिथे दिसत होतं. मग गुहा ॲपलमध्ये गेले, पुढे नेटस्केपमध्ये. पानाबद्दलची माहिती लिहिण्याची त्यांनी घडवलेली पद्धत १९९९ साली ‘आरडीएफ’ या मानकाच्या घडणीत उतरली.

आरडीएफचं सूत्र मराठी व्याकरण शिकलेल्या कुणालाही कळेल. प्रत्येक विधान तीन भागांचं: कोण किंवा काय, कोणतं नातं, कोणाशी. ‘बटाट्याची चाळ’ – लेखक – पु. ल. देशपांडे. अशी विधानं एकमेकांना जोडत गेलं की ज्ञानाचं जाळं तयार होतं. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या जाळ्याचं चित्र रंगवलं. आईच्या उपचारांच्या वेळा मुलांचे संगणक परस्पर जुळवून देतात, अशी गोष्ट त्यात होती.

त्याच वर्षी कोरी डॉक्टरो या लेखकाने या स्वप्नाची टर उडवणारा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. लोक खोटं बोलतात, आळस करतात, चुका करतात, आणि एकाच गोष्टीचं वर्णन दोघे सारखं करत नाहीत. असल्या माणसांकडून जगभरची अचूक कार्डं कशी लिहून घेणार? पुढची दहा वर्षं त्याचं बरोबर आहे, असंच वाटत राहिलं. आरडीएफ विद्यापीठांत फुललं आणि सामान्य संकेतस्थळांवर फारसं आलं नाही.

मला यात आळसापेक्षा हिशेब दिसतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याला तिचा उपयोग काय होता? काहीच नाही. गुहा यांच्याच हातून १९९९ साली नेटस्केपमध्ये निघालेलं ‘आरएसएस’ मात्र झपाट्याने पसरलं. कारण तिथे लिहिणाऱ्याच्या पदरात लगेच काहीतरी पडत होतं. ताज्या मजकुराची यादी ठरलेल्या साच्यात ठेवली, की वाचक आपणहून येत होते.

सौदा

हा हिशेब जुळला २००८-०९च्या सुमाराला. आधी याहूने आणि मे २००९ मध्ये गूगलने, ज्या पानांत ठरलेल्या साच्याची चिठ्ठी आहे त्यांचा शोधातला निकाल सजवून दाखवायला सुरुवात केली. पाककृतीच्या पानाखाली फोटो आणि वेळ, पुस्तकाखाली तारे, कार्यक्रमाखाली तारीख. वाचकाची नजर तिथे आधी जाते. पण प्रत्येक शोधयंत्राची बोली वेगळी होती आणि एका संकेतस्थळाने किती चिठ्ठ्या लिहायच्या? २ जून २०११ रोजी गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग आणि याहू या तीन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामाईक शब्दसंग्रह जाहीर केला. रशियाचं यांडेक्स काही महिन्यांत त्यात आलं. या उपक्रमामागेही गुहा होतेच, तेव्हा ते गूगलमध्ये होते.

शब्दसंग्रह म्हणजे नेमकं काय, ते पिठल्याच्या पाककृतीवरून पाहू. पानावर माणसासाठी सगळं लिहिलेलंच असतं. चिठ्ठीत तेच यंत्रासाठी लिहायचं: प्रकार – पाककृती, नाव – पिठलं, साहित्य – बेसन, कांदा, लसूण, हिरवी मिरची, लागणारा वेळ – वीस मिनिटं, किती जणांना पुरेल – चार. ‘वीस मिनिटं’ हे शब्द पानावर कुठेही असू शकतात. तो शिजायला लागणारा वेळ आहे, हे चिठ्ठी सांगते. आधी ही लेबलं मजकुरातच गुंफावी लागत. २०१४ साली ‘जेसन-एलडी’ हे मानक आलं आणि सगळी चिठ्ठी पानाच्या एका कोपऱ्यात वेगळी ठेवता येऊ लागली. मजकुराला हात लावायची गरज उरली नाही.

सुरुवातीला या संग्रहात २९७ प्रकार होते. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली लिहिलेल्या लेखात तो आकडा ६३८ झालेला दिसतो. दहा अब्ज पानांचा नमुना तपासला, तेव्हा त्यांतल्या ३१.३ टक्के पानांत अशी चिठ्ठी सापडली, असंही त्यात दिलं आहे. जे दहा वर्षांत ध्येयवादाला जमलं नाही, ते चार वर्षांत सौद्याने केलं. मधल्या काळात, मे २०१२ मध्ये, गूगलने ‘नॉलेज ग्राफ’ आणला होता. अक्षरांऐवजी वस्तू ओळखायच्या, हे त्याचं घोषवाक्य. तेव्हा त्यात पन्नास कोटी वस्तू आणि त्यांच्याबद्दलची साडेतीन अब्जांहून अधिक तथ्यं असल्याचं सांगितलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात विकिडेटा सुरू झालं. तिथे प्रत्येक वस्तूला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाखाली जगातल्या कोणत्याही भाषेतलं नाव लिहिता येतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो पैसे घेऊन विकला जातो. चिठ्ठी लावली म्हणून पान क्रमवारीत आपोआप वर जात नाही. गूगल स्वतःच सांगतं की चिठ्ठीमुळे पान सजवलेल्या निकालासाठी पात्र ठरतं, सजावट मिळेलच याची हमी नाही. आणि लबाडी इथेही आली. संकेतस्थळं स्वतःच्याच धंद्याला स्वतःच पाच तारे देऊ लागली. मग नियम आले. चिठ्ठीत लिहिलेलं पानावर वाचकालाही दिसलं पाहिजे. खोटी चिठ्ठी सापडली तर सजावट काढून घेतली जाईल. सप्टेंबर २०१९ पासून आपल्याच संकेतस्थळावर आपल्याच संस्थेला दिलेले तारे गूगलने दाखवणं बंद केलं. १९९८ सालचा धडा पुन्हा गिरवला गेला. फक्त वाचकाला न दिसणारं ते खोटं समजा, आणि स्वतःची शिफारस स्वतः केली तर ती मोजू नका.

मराठीची चिठ्ठी

या इतिहासात मराठी उशिरा आली, कारण तिची अक्षरंच यंत्रापर्यंत उशिरा पोचली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण मराठी संकेतस्थळं कितीतरी वर्षं आपापले फाँट वापरत होती. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाने साठवलेलं असे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. शोधयंत्राला ते पान म्हणजे अर्थहीन खिचडी. त्या काळी मराठीत लिहिलं गेलेलं पुष्कळसं लेखन शोधात कधी आलंच नाही, आणि संकेतस्थळ बंद पडलं की ते गेलं. युनिकोड रुळल्यावरही बारीक अडचणी राहिल्या. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून तेच काम भागवलं जाई. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाच्या लेखी वेगळी.

मी गेली काही वर्षं एका जुन्या मराठी वाङ्मयीन मासिकाचे अंक संकेतस्थळावर आणण्याच्या कामात आहे. लेखांना चिठ्ठ्या लावणं माझ्याकडे आहे. स्कीमाच्या रकान्यांत मराठी साहित्य भरू लागलं की रकाने कुठे तयार झाले, ते कळतं. प्रकाशनाची तारीख ख्रिस्ती पंचांगातच हवी. अंकावर छापलेलं असतं ‘शके १८८९’. अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९६७, हे शाळेतलं गणित. पण अंक माघाचा किंवा फाल्गुनाचा असेल, तर एकोणऐंशी मिळवावे लागतात आणि साल होतं १९६८. एका मिळवणीने कवितेचं वय एक वर्षाने बदलतं. अंकाला रकाना आहे, दिवाळी अंकाला वेगळा नाही. पोवाड्याला नाही, ओवीलाही नाही. ते ‘साहित्यप्रकार’ नावाच्या मोकळ्या रकान्यात आपल्या शब्दांत लिहावं लागतं. आम्ही ते मराठीतच लिहितो.

खरी परीक्षा नावांची. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, कुसुमाग्रज म्हणजे विष्णु वामन शिरवाडकर. हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं, यंत्राला सांगावं लागतं. त्यासाठी दोन रकाने आहेत. एकात पर्यायी नाव लिहायचं. दुसऱ्यात ‘ही व्यक्ती म्हणजे तीच, जिचा विकिडेटावर अमुक क्रमांक आहे’ असं सांगायचं. हा दुसरा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्ञानेश्वरांचं नाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. क्रमांक एकच असला की त्या सगळ्या तऱ्हा एका माणसापाशी येऊन थांबतात.

पण याच रकान्यापाशी मी सगळ्यांत जास्त वेळ थबकते. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली प्रसिद्ध झालं तेव्हा लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनाबद्दल तिने जे लिहिलं, त्यावर महाराष्ट्रात गदारोळ उठला. टोपणनाव तिची ढाल होती. आज ही तिन्ही नावं एका चिठ्ठीत आणणं योग्यच आहे. ती सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि तसं केलं नाही तर एकाच बाईच्या कामाचे तीन तुकडे पडतील. पण आमच्या मासिकात अशाही स्त्रिया आहेत, ज्यांनी ‘एक भगिनी’ म्हणून एकच लेख लिहिला आणि नाव पुढे कधी उघड केलं नाही. संपादकांच्या जुन्या पत्रव्यवहारातून एखादं नाव ओळखू येतं. अशा ठिकाणी आम्ही चिठ्ठीत ‘एक भगिनी’ एवढंच ठेवतो. कार्डात काय लिहायचं याइतकंच काय लिहायचं नाही, हेही कार्ड लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. शोधयंत्राच्या नियमावलीत याबद्दल ओळ नाही आणि तिने ती लिहावी अशी माझी अपेक्षाही नाही.

अनुवादकांचं उलट आहे. त्यांना लपायचं नव्हतं, त्यांना आपण लपवलं. जुन्या अंकांत परभाषेतल्या कथेखाली मूळ लेखकाचं नाव ठळक, अनुवादकाचं अगदी बारीक किंवा नुसती आद्याक्षरं. स्कीमात अनुवादकासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो भरायला लागल्यावर अनुवादाच्या कामाची एक मोठी, विखुरलेली यादी हळूहळू एकत्र होताना दिसते. छापील पानावर दोन मिलिमीटरची जागा मिळालेल्या नावाला चिठ्ठीत मूळ लेखकाइतकीच जागा मिळते.

सौदा बदलतो तेव्हा

ज्याने सौदा सुरू केला, तो त्याच्या अटीही बदलू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने प्रश्नोत्तरांची सजावट काही नामवंत सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती ठेवली. ‘हे कसं करावं’ या प्रकारची सजावट पुढच्या महिन्यापर्यंत बंदच झाली. २०२५ च्या जूनमध्ये आणखी काही प्रकार काढून टाकण्याची घोषणा झाली, त्यांत तथ्यपडताळणीचाही होता. ज्यांनी केवळ सजावटीसाठी हजारो चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांच्या कष्टांवर एका निवेदनाने पाणी पडलं. शिवाय शोधयंत्रं आता उत्तर स्वतःच्याच पानावर देऊ लागली आहेत. पिठल्याला किती वेळ लागतो हे तिथेच कळलं, तर वाचक मूळ पानापर्यंत यायचा कशाला? कार्ड वाचकाला पुस्तकाकडे नेण्यासाठी होतं. आता कार्ड वाचूनच वाचक परत फिरतो.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट घडली. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एनएलवेब’ नावाचा खुला प्रकल्प जाहीर केला. कोणत्याही संकेतस्थळाला साध्या बोलीत प्रश्न विचारता यावेत, हा त्याचा हेतू, आणि त्यासाठी आधार घेतला आहे तो पानांच्या पोटातल्या याच स्कीमाच्या चिठ्ठ्यांचा. प्रकल्पाचे कर्ते पुन्हा रामनाथन गुहाच, यावेळी मायक्रोसॉफ्टमधून. कोणी पंचवीस वर्षांपूर्वीच्या आरडीएफशी याचं नातं जोडलं, तर ते चूक ठरणार नाही. तारे आणि सजावट गेली तरी खरं लिहिलेलं कार्ड वाया जात नाही. वाचणारं यंत्र बदलतं, कार्डाचा उपयोग करण्याची रीत बदलते.

म्हणून आमच्यासारख्या छोट्या मराठी संकेतस्थळांना मी सांगते ते एवढंच. शोधात वर येण्यासाठी चिठ्ठी लिहायला बसलात, तर पुढच्या निवेदनाबरोबर तुमचा उत्साह मावळेल. तुमच्याकडे जे आहे त्याची नोंद म्हणून लिहा. लेखकाचं पूर्ण नाव आणि टोपणनाव, अनुवादकाचं नाव, पहिल्या प्रकाशनाचं साल, कोणत्या अंकातून घेतलं ते, आणि भाषा मराठी आहे हे. पाच रकाने. एका लेखाला दहा मिनिटं लागतात, शके असेल तर पंधरा. तुम्ही भरले नाहीत तर यंत्र ते रकाने रिकामे ठेवत बसणार नाही. अंदाजाने भरेल, आणि अंदाजात पहिली चूक होते ती बारीक अक्षरांत छापलेल्या नावांची.

आमच्या मासिकाचे एकशे चाळीस अंक झाले आहेत, साठ बाकी आहेत. सध्या टेबलावर आहे तो फाल्गुनाचा अंक आहे. त्यात एका बंगाली कथेखाली अनुवादकाची नुसती आद्याक्षरं आहेत, आणि ती कोणाची हे शोधायला जुनी वर्गणीदारांची वही काढली आहे.